ब्रीनाचं नाव चौदा टाइपांत

ल्युब्ल्याना, मंगळवार, १३ मे

तीर्थरूप झाल्का आत्यास,

लेनार्तचा अगदी वाकून नमस्कार. आपल्या गुडघ्यांना या वसंतात पुरेशी ऊब लाभत असेल आणि प्रत्येक पाऊल आपल्याला एखाद्या जुन्या मित्रासारखी साथ देत असेल, अशी मनापासून आशा करतो. इकडे सगळं ठीक. आईचा आवाज ठीक (त्याला कधीच काही होत नाही), बाबांनी बाल्कनीत टोमॅटो लावलेत, आणि माझं वजन तीन किलो उतरलंय, त्याचं कारण पुढे येईल. तुझ्या मधमाश्यांनी हिवाळा काढला का? ईस्टरला आलो होतो तेव्हा तू म्हणत होतीस की तिसऱ्या पेटीतली राणी बदलावी लागणार. बदललीस का? मला राण्यांमधलं काही कळत नाही, पण पत्रात विचारतात म्हणून विचारतो.

तुला वाटेल, महिनोन् महिने फोन न करणारा हा पोरगा आज हाताने कागद का काळे करतोय. तर फोनवर तू बोलू देत नाहीस. दुसऱ्याच वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणतेस. मला या खेपेला मुद्द्यावर यायचं नाहीये, निदान लगेच तरी नाही.

आधी अकादमीचं सांगून टाकतो. आईने तुला कळवलंय की मी वर्षभराची रजा घेतली. रजा वगैरे काही नाही, मी सोडली. तिसऱ्या वर्षाच्या ट्रॉम्बोनच्या परीक्षेत आमचे प्राध्यापक म्हणाले की माझ्या वादनात जोर आहे पण विचार नाही. मी म्हणालो, तुमच्या वादनात विचार आहे पण ऐकायला माणूस नाही. पुढचं संभाषण कागदावर घालण्यासारखं नाही. मी ट्रॉम्बोन खुर्चीवर ठेवला, जिना उतरलो, बसमध्ये बसलो, आणि तिसऱ्या थांब्यावर आठवलं की ट्रॉम्बोन माझा स्वतःचाच होता. (परत घ्यायला गेलो तेव्हा त्यांनीच दार उघडलं आणि म्हणाले, 'बघ, हेच मी म्हणत होतो.')

तेव्हापासून मी संगीतशिक्षकांच्या संघाच्या कचेरीत अर्धवेळ लागलोय. संघाचं त्रैमासिक निघतं ना, जे तुझ्याकडे यायचं आणि ज्यावर तू मधाच्या बरण्या ठेवायचीस, तेच. त्याची पानं मी लावतो, लेखकांना फोन करून लेख उकळतो, आणि आलेल्या लेखांतली वाद्यांची चित्रं सुलटी करतो. संपादिका ब्रेगार बाई. त्या पूर्वी ऑर्केस्ट्रात बासून वाजवायच्या, त्यामुळे त्यांचा श्वास लांब आहे, आणि रागही तितकाच लांब पुरतो.

गेल्या हिवाळ्यात बाईंकडे लागोपाठ तीन लेख आले. तीन वेगळ्या गावांतून, तीन वेगळ्या वाद्यांवर, आणि तिन्हींचा शेवट जवळजवळ एकच: संगीत म्हणजे केवळ सूर नव्हेत, तो आत्म्याचा प्रवास आहे. बाई म्हणाल्या, तीन आत्मे एकाच गाडीने निघालेत आणि तिकीट एकच काढलेलं दिसतंय. त्या दिवसापासून नियम झाला. प्रत्येक लेखकाने लेखासोबत प्रतिज्ञापत्र द्यायचं: हा लेख माझा आहे, एआय वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी, ज्यांचे शब्द घेतले त्यांची नावं दिली आहेत, आणि यादीतलं प्रत्येक पुस्तक मी हातात धरलेलं आहे. आता हे प्रतिज्ञापत्र लिहिलं कोणी? मी. 'हातात धरलेलं' या शब्दांसाठी मी बाईंशी अर्धा दिवस भांडलो. त्यांना 'वाचलेलं' हवं होतं. मी म्हणालो, वाचलंय असं कोणीही ठोकून देतो, हातात धरलंय म्हणताना माणूस जरा थबकतो. बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच बरं बघितलं. (हे लक्षात ठेव. पुढे मला फार जड गेलं.)

आता ब्रीना. आईला यातलं काही बोलू नकोस, तिला वाटतं मला नुसतं अपचन झालंय. ब्रीना उर्शिच कामनिकच्या संगीतशाळेत आपला बटणांचा अकॉर्डियन शिकवते, फ्रायतोनारित्सा. वय सव्वीस, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, ज्याचा उल्लेख ती दर भेटीत करते आणि मी एकदाही करत नाही. सप्टेंबरमध्ये संघाच्या सभेत ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली की आमच्या अंकात अकॉर्डियनचं चित्र उलटं छापलंय, वाजवणाऱ्याचे हात बदललेत. मी भांडलो. सव्वा तास भांडलो, उभ्याने, हातात गार झालेली कॉफी घेऊन. चित्र उलटंच होतं. माझं जेवण सुटलं ते त्या दिवसापासून.

ब्रीनाला पदोन्नतीचा अर्ज करायचाय. ते गुण कसे मोजतात ते तुला माहीतच आहे, तू स्वतः त्या शिडीच्या मधल्या पायरीवरूनच निवृत्त झालीस, कारण अर्ज आले की तू ते चूल पेटवायला घ्यायचीस. तिची वर्षं भरलीत, कार्यक्रम झालेत, दोन मुली स्पर्धेत पहिल्या आल्यात. नाही तो फक्त छापील लेख. अर्जाची मुदत जूनअखेर, म्हणजे लेख आमच्या उन्हाळी अंकातच यायला हवा. पद मिळालं तर अकॉर्डियनचा वर्ग तिच्या नावाने कायम होणार. नाही मिळालं तर शरदात तो बाहेरच्या एका पदवीधराला जाणार, ज्याच्याकडे लेख नऊ आहेत आणि विद्यार्थी एकही टिकत नाही. ब्रीना जानेवारीपासून लिहीत होती. एप्रिलपर्यंत अर्धं पान झालं होतं, आणि त्यातही शीर्षक मोठ्या अक्षरांत होतं.

ईस्टरनंतरच्या गुरुवारी ती मला कचेरीच्या जिन्यात भेटली. म्हणाली, "लेनार्त, पोरीचा कोपर धरून मी तिला तासाभरात भाता फिरवायला शिकवीन. माझा कोपर कागदावर टेकला की लाकडाचा होतो, त्याला कोण शिकवणार?" ती हे हसत म्हणाली. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात ठिणगी पडली होती, आणि माझ्या डोक्यात ठिणगी पडली की काय होतं ते तुझ्या गवताच्या गंजीला विचार. (तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि गंजी तशीही जुनी होती.)

त्याच दुपारी बाई दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मी एआयला कामाला लावलं. सांगितलं की बटणांच्या अकॉर्डियनवर नवशिक्याला भाता कसा शिकवावा यावर चार पानी लेख लिही. लिहिणारी तरुण शिक्षिका आहे, बोलायला मृदू पण ठाम, डोळे तपकिरी. (डोळ्यांचा लेखाशी संबंध नव्हता, पण सांगायला बसलो की मला कुठे थांबायचं कळत नाही.) कच्चा माल म्हणून थोडं तुझंही दिलं, माझी आत्या असं शिकवायची म्हणून, त्याचं पुढे बोलू. एका मिनिटात लेख हजर. चार पानं, मध्ये उपशीर्षकं, शेवटी संदर्भांची यादी. आत्या, माझे डोळे भरून आले. मला वाटलं, हा मी तिला वाढदिवसाला देईन, सुरळी करून, लाल फीत बांधून. ती वाचेल, खोडेल, आपलंसं करेल. माझ्या मनात एवढंच होतं, खरंच एवढंच होतं.

पण नुसत्या फाइलमध्ये बघून समाधान होईना. म्हटलं, छापल्यावर तिचं नाव कसं दिसेल ते तरी पाहू. उन्हाळी अंकाच्या सातव्या पानावर मी तो लेख ओतला आणि वर ब्रीना उर्शिच असं लावलं. पहिल्या टाइपात ती आयकर खात्यातली वाटली. दुसऱ्यात तिचं निधन झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्यात ती साबण विकत होती. असे चौदा टाइप लावले. चौदाव्यात तिच्या आडनावातल्या श आणि च या आपल्या लॅटिन अक्षरांवरच्या दोन बारक्या टोप्या छपराच्या कडेला बसलेल्या पाकोळ्यांसारख्या दिसल्या, आणि मी तिथे थांबलो. आता आमची फाइल प्रतिज्ञापत्र जोडल्याशिवाय बंदच होत नाही (ही सोयही माझीच), म्हणून तिच्या नावाने तेही भरलं. एआय वापरलेलं नाही. पुस्तकं हातात धरलेली आहेत. तारीख. सही. तिच्या सहीच्या शेवटचा फराटा मला हुबेहूब जमतो, हिवाळाभर सराव झालाय. तेवढ्यात बाई आल्या, गाल सुजलेला, चेहऱ्यावर रुमाल. मी घाईने फाइल बंद केली आणि अंकातून ते पान काढायचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी बाईंना बोलायला त्रास होत होता, त्यामुळे त्यांनी दिवसभर वाचन केलं. सातव्या पानापाशी त्या थांबल्या. त्यातला एक परिच्छेद तर त्यांनी दुखऱ्या गालानिशी मला मोठ्याने वाचून दाखवला. मग कागदावर लिहिलं, ही मुलगी इतके दिवस कुठे होती, आणि लेख उचलून पहिल्या पानावर घेतला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कचेरीत ब्रीनाचं नाव दिवसातून दहादा निघायला लागलं होतं, आणि ते माझ्याच्याने थांबवेना.

लेख तपासायला कोत्निक आजोबांकडे गेला. वय एक्क्याऐंशी, अर्ध्या देशाचे अकॉर्डियनवाले त्यांच्या हाताखालून गेलेत. आजोबा लेख वाचत नाहीत. ते शेवटची संदर्भांची यादी वाचतात, आपलं नाव आहे का बघायला. या यादीत त्यांचं नाव नव्हतं. चौथ्या क्रमांकावर मात्र होतं: झाल्का पोदलेस्निक, भात्याचा श्वास, मारिबोर, १९८७. होय आत्या, तू. मी एआयला तुझं नाव तेवढं सांगितलं होतं, पुस्तक त्याने तुला आपणहून बहाल केलं, गाव आणि सालासकट. १९८७ मध्ये तू काय करत होतीस मला माहीत नाही, पण मारिबोरला ग्रंथ छापत नव्हतीस एवढं नक्की. आजोबांचा शेरा आला: लेख उत्तम. पोदलेस्निकबाईंच्या ग्रंथाची दखल घेतली हे विशेष आवडलं. तो माझ्या संग्रही आहे. दुसरी आवृत्ती मात्र पहिलीइतकी उतरली नाही. मी तो शेरा तीनदा वाचला. तिसऱ्या खेपेला मला खरंच वाटून गेलं की तू लिहिलं असशील आणि घरात कोणाला बोलली नसशील.

मी ठरवलं होतं की शनिवारी कामनिकला जाऊन ब्रीनाला सगळं सांगायचं. पण बाईंचा गाल त्याआधी उतरला. त्यांनी मला न विचारता बुधवारीच तिला पानांची प्रुफं धाडली, वर अभिनंदनाची चिठ्ठी.

गुरुवारी सकाळी दहाच्या गाडीने ब्रीना आली. पाठीवर अकॉर्डियन. आल्या आल्या ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला मला उत्तर देता येतं. तिने नुसतं वाद्य उतरवलं, माझ्या खांद्यांवर पट्टे चढवले आणि समोर खुर्ची ओढून बसली, नवशिक्यासमोर बसतात तशी.

"तिसरं बटण धर," ती म्हणाली. मी धरलं.

"दाब." भाता आत दाबला. सूर निघाला.

"बटण सोडू नकोस. आता ओढ." ओढला. दुसरा सूर निघाला. अर्थातच दुसरा.

"पुन्हा." पुन्हा केलं. दाबलं की एक, ओढलं की दुसरा, अंगणातल्या गाढवासारखं.

"काय चुकतंय तुझं?"

"मनगट," मी म्हणालो. का म्हणालो ते अजून कळलेलं नाही. बहुधा लेख पाठ झाला होता.

आत्या, तू आता बसून घे. लेखाच्या दुसऱ्या पानावर सराव क्रमांक तीन होता: विद्यार्थ्याने एकच बटण धरून भाता आधी दाबावा, मग ओढावा, आणि दोन्ही वेळी सूर तोच राहतो का हे ऐकावं, सूर बदलल्यास मनगट चुकतं आहे असं समजावं. तू मला सहाव्या वर्षी, पहिल्याच दिवशी, मांडीवर वाद्य ठेवून सांगितलं होतंस की यात बटण एक आणि सूर दोन, दाबलं की एक, ओढलं की दुसरा, आणि हे ज्याच्या डोक्यात बसत नाही त्याने गिटार घ्यावी. तुझ्या गोर्नी ग्राद गावात लग्नात ताटं उचलणाऱ्या माणसालासुद्धा हे कळतं. मी तो लेख पाच वेळा वाचला होता. पाचही वेळा मला त्यात तपकिरी डोळे दिसले, सराव क्रमांक तीन दिसला नाही.

बाई कप घेऊन दारात आल्या आणि विचारलं, काय चाललंय. "सराव क्रमांक तीन," ब्रीना म्हणाली. "माझा आहे म्हणे." बाईंनी प्रूफ उचललं, दुसरं पान काढलं, वाचलं, आणि हळूच कप खाली ठेवला. त्या बासूनवाल्या, त्यांना पहिल्या वाचनात कळलं नव्हतं ते समजण्यासारखं आहे. कोत्निक आजोबांचं काय ते तूच ठरव.

मग मी सगळं सांगितलं. जिना, दाताचा डॉक्टर, चौदा टाइप, सही. सांगता सांगता माझंच डोकं तापलं (माझं तसंच होतं, चूक माझी असली की राग जास्त येतो). मी म्हणालो, हे मी स्वतःसाठी केलं नाही. म्हणालो, सगळेच वापरतात, कबूल कोणी करत नाही. म्हणालो, शेवटी ते एक साधन आहे, मेट्रोनोमसारखं.

"मेट्रोनोम ठेका देतो, लेनार्त," बाई म्हणाल्या. "टाळ्या घ्यायला तो मंचावर येऊन वाकत नाही."

ब्रीना तोपर्यंत प्रूफावरच्या आपल्या नावाकडे बघत होती. "लोक हसले असते त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण माझं नाव इतकं छान लावलंस, आणि त्याच्याखाली कुठेच मी नाही. शिवाय सही. मी जे बोललेच नाही त्याच्याखाली माझी सही."

यावर मी राजीनामा दिला. बाई म्हणाल्या, खाली बस. मी दुपारी दुसरा दिला, जास्त कडक भाषेत. तो त्यांनी प्रिंटरच्या डुगडुगत्या पायाखाली सारला, आणि तेव्हापासून छपाई सरळ येते.

निकाल असा लागला. लेख रद्द. पहिली चार पानं येत्या १९ तारखेच्या सोमवारपर्यंत कोरी ठेवायची, सोमवारी संध्याकाळी अंक छापखान्यात जाणार. ब्रीनाने स्वतः लिहून दिलं तर ती पानं तिची. बाईंनी तिला हेही सांगितलं की स्वल्पविराम लावायला, वाक्यं नीट करायला एआय घ्यायचं असेल तर खुशाल घे आणि प्रतिज्ञापत्रात तसं लिही, कोणी खाणार नाही तुला. फक्त सांगायचं आहे ते तुझं असलं पाहिजे. सातव्या पानावर माझ्या नावाने खुलासा छापायचा. मी अकरा पानांचा लिहिला, त्यात थोडं प्रेमाबद्दलही होतं. बाईंनी चार ओळी ठेवल्या, त्यात प्रेम नाही. कोत्निक आजोबांना त्यांनी फोन करून म्हटलं की तो ग्रंथ दोन दिवस पाठवा. आजोबा म्हणाले की तो एका मित्राने नेला आणि मित्र वारला. बाईंनी त्यांना कोरं प्रतिज्ञापत्र पोस्टाने पाठवलंय, 'हातात धरलेलं'खाली दोन रेघा मारून. तिकडून अद्याप काही आवाज नाही.

आता तुझ्याबद्दल. निघताना ब्रीनाने एका परिच्छेदावर बोट ठेवलं. बाईंनी मला वाचून दाखवला तोच: 'मूल भाता ओढताना श्वास रोखतं. श्वास सोड म्हणू नये, म्हटलं की आणखी रोखतं. आपला तळहात त्याच्या कोपराखाली ठेवावा. उचलू नये, नुसता ठेवावा. खाली कोणीतरी आहे हे कोपराला कळलं की श्वास आपोआप सुटतो.' ती म्हणाली, "हे एआयचं नाही. ज्याने लिहिलंय त्याने पोरांचे कोपर धरलेत. कोण आहे?" मी म्हणालो, माझी आत्या. तिने तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली की मी रोज नेमकं हेच करते, आणि जानेवारीपासून हेच लिहायला धडपडत होते.

त्या दिवसापासून ती लिहितेय, हाताने, तुझ्या त्या पाच वाक्यांपासून सुरुवात करून आणि तुझं नाव वर घालून. आज तिसरं पान चाललंय म्हणे. (मला कळतं ते असं: ती माझ्याशी बोलत नाही, पण काल संदेश आला, 'पण'च्या आधी स्वल्पविराम येतो का. मी उत्तरादाखल अडीच पानं पाठवली. तिने नुसतं 'म्हणजे येतो' असं लिहिलं. मी ते जपून ठेवलंय.) शनिवारी ती तुझ्याकडे येतेय, कामनिकहून चेर्निव्हेत्सचा घाट चढून येणाऱ्या सकाळच्या बसने. तिला तुझी परवानगी हवी आहे, आणि तू कोपर कसा धरतेस ते बघायचंय. तिला चीजचे श्त्रुक्ली आवडतात, उकडलेले, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. माझ्या लहानपणीच्या गोष्टी विचारल्याशिवाय सांगू नकोस. विचारल्या तरी गंजीची सांगू नकोस.

आईबाबांचा नमस्कार. मधमाश्यांनाही सांग.

तुझा आज्ञाधारक (या वेळी खरोखर),
लेनार्त

ता. क. एक राहिलंच. तुझी हिरवी वही, ज्यात तू प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल लिहून ठेवलंयस, ती तू स्वयंपाकघरातल्या खणात शोधत असशील तर शोधू नकोस. ईस्टरला बाटलीचं बूच काढायचा स्क्रू शोधताना मला ती सापडली. दोन पानं वाचली आणि वाटलं, ब्रीनाला दाखवायला हवी, तेवढंच भेटायला निमित्त. तुला विचारणार होतो, पण तू कोंबड्यांकडे गेली होतीस. कोपराचा तो परिच्छेद तिच्यातलाच, आणि सध्या वही ब्रीनाकडे आहे. तिला वाटतं तू ती मला वाचायला दिलीस, कारण मी तसं म्हणालो. शनिवारी ती तुला हेच विचारणार, सगळ्यात आधी, मला ती माहीत आहे. आत्या, तू फक्त 'हो' म्हण. ईस्टरच्या सोमवारी, पोतित्सा केक कापताना दिली म्हण. एका शब्दाचं काम आहे. नाहीतर ती तो परिच्छेद काढून टाकेल, तो काढला की लेख उभा राहत नाही, लेख नाही तर वर्ग त्या नऊ लेखवाल्याला, आणि माझं काय होईल ते मी लिहीत नाही. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. आता सवयच झाली म्हणून: या पत्रात एआय वापरलेलं नाही. सगळं माझं आहे. लेनार्त पोदलेस्निक, १३ मे.

ता. क. ३. आई आत्ता खोलीत आली, तिने माझ्या खांद्यावरून पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, गुडघा कसला, खुबा. फेब्रुवारीत ऑपरेशन झालंय आत्याचं, तू त्या दिवशी फोन उचलला नव्हतास. मग तिने 'आपल्या' या शब्दावर बोट ठेवून विचारलं की तू झाल्काला कधीपासून आपण म्हणायला लागलास.

ते पहिलं वाक्य माझं नाही. सुरुवात कशी करावी सुचेना, म्हणून एआयला सांगितलं की वयस्क आत्या आहे, आदराने तब्येत विचार. एवढंच सांगितलं. गुडघा त्याने आपणहून घातला, पुस्तक घातलं तसाच. आणि मी तो उतरवून काढला. ईस्टरला तू काठी घेऊन चालत होतीस. मला वाटलं ती कोंबड्यांसाठी आहे.

तेव्हा ता. क. २ रद्द. ता. क. १ सुद्धा रद्द. ब्रीनाने विचारलं तर जे झालं ते सांग, की वही मी न विचारता उचलली. तो परिच्छेद छापायला द्यायचा की नाही ते तुझं तू ठरव, आणि नाही म्हणालीस तर नाही. हे पत्र पेटीत टाकलं की मी कामनिकची गाडी पकडतो आणि तिला मीच सांगतो, म्हणजे शनिवारी तुझ्यावर पाळी येणार नाही. स्टेशनवरूनच परत फिरलो, तर मात्र तुला सांगावं लागेल. पत्र पुन्हा पहिल्यापासून लिहायला हवं, पण पाचला टपाल निघतं.

आत्या, खुबा कसा आहे? जिना चढता येतो का?